निळ्या रेकॉर्डची वाटणी

मी, खाली सही करणारी, शर्टांना कॉलरी लावण्यात हयात घालवलेली आणि आता गुडघ्यांनी सक्तीने घरी बसवलेली बाई, माझी शेवटची इच्छा या कागदावर लिहून ठेवीत आहे. माझी बुद्धी शाबूत असल्याचे डॉक्टरांचे पत्र सोबत जोडले आहे. मला कोणी धाक दाखवलेला नाही. लालूचही कोणी दाखवलेली नाही. दाखवली असती तर निदान ऐकून तरी घेतली असती. पुढच्या आठवड्यात माझ्या हृदयाचे ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणतात, काळजीचे कारण नाही. डॉक्टर इतक्या गोड आवाजात बोलायला लागले की शहाण्या माणसाने आपली कागदपत्रे आवरून घ्यावीत, म्हणून हा खटाटोप.

हे टाइप करून देणाऱ्या वकीलबाई आमच्याच इमारतीत खालच्या मजल्यावर राहतात. पहिली दोन पाने वाचून त्या म्हणाल्या, "आजी, मृत्युपत्रात एवढं बोलायचं नसतं हो."

मी म्हटलं, "मग काय मेल्यावर बोलू?"

तेव्हापासून त्या फक्त शुद्धलेखन बघतात. त्यांचे आभार. आता कलमे.

कलम १. घर. तिसऱ्या मजल्यावरचे माझे दोन खोल्यांचे घर माझ्या पश्चात माझ्या मुलाकडे जावे. तो एकुलता एक आहे, त्यामुळे इथे तंट्याला जागा नाही. बाळा, खिडकीजवळची बुटकी खुर्ची तेवढी काढू नकोस. तिचा एक पाय आखूड आहे हे मला ठाऊक आहे. खाली पुठ्ठा घालायचा, झालं. तू लहानपणी रडून घर डोक्यावर घ्यायचास, तेव्हा मी त्याच खुर्चीत बसून तुला मांडीवर घ्यायची आणि निळी रेकॉर्ड लावायची. पहिली बाजू संपायच्या आत तू गाढ झोपलेला असायचास. दुसरी बाजू तू मोठा होईपर्यंत कधी ऐकलीच नव्हतीस. मोबाइलवर ती गाणी शोधून द्यायचा तू खूप प्रयत्न केलास, सापडली नाहीत, आणि माझ्यापेक्षा तूच जास्त हिरमुसलास. ते मी विसरलेले नाही.

कलम २. ठेव. बँकेतली सगळी ठेव सुनेला मिळावी. मुलाला नाही, सुनेला. हे चुकून लिहिलेले नाही, वकीलबाईंनी दोनदा विचारून झाले आहे. सूनबाई, गेल्या वर्षी मी पडले तेव्हा तू मला महिनाभर आंघोळ घातलीस, आणि एकदाही तोंड वाकडं केलं नाहीस. मला वेळ जायचा नाही म्हणून पाणी ओतता ओतता ऑफिसातल्या लोकांच्या नकला करून दाखवायचीस. पोटच्या पोरीनं याहून जास्त काय केलं असतं? त्या पैशातून स्वतःसाठी काहीतरी घे. घरासाठी घेतलंस तर मी वरून बघून संतापेन.

कलम ३. हत्यारे. माझी मोठी कात्री, दोन्ही मापपट्ट्या आणि कॉलरींचे पुठ्ठ्याचे साचे मी जिथे काम केले त्या शर्टांच्या कारखान्यातल्या नव्या मुलींना द्यावेत. कात्रीने कागद कापू नये. जो कापील त्याचे कधीही भले होणार नाही. हे वाक्य कायद्यात बसत नाही असे वकीलबाईंचे म्हणणे आहे. राहू दे.

कारखान्याच्या मालकांना काही नाही. आम्ही इस्त्रीच्या टेबलाजवळ एक पंखा मागितला होता. तो अजून येतो आहे.

कलम ४. निळी रेकॉर्ड. इथे जरा सविस्तर लिहावे लागेल, कारण ही वस्तू माझी एकटीची नाही. निम्मी माझी आहे, निम्मी माझ्या नणंदेची.

नणंद ही आधी माझी मैत्रीण होती. कारखान्यात तिला सगळे काडी म्हणायचे, अंगाने तशीच होती. मी कॉलरी लावायची आणि ती तयार माल तपासायची. तिच्या हातात कायम खडू. काम पसंत पडलं तर शर्टाच्या आतल्या बाजूला बरोबरची बारीक खूण, नाही पडलं तर ही मोठी फुली, आणि उसवा पुन्हा. माझ्या कॉलरींवर तिने इतक्या फुल्या मारल्या की पहिल्या वर्षी मला ती डोळ्यांसमोर नको व्हायची.

समोर गाण्यांच्या रेकॉर्डचं दुकान होतं. जेवणाच्या सुट्टीत यंत्रं थांबली की त्याचा आवाज आमच्यापर्यंत पोचायचा. एक दिवस तिथून एका बाईचा आवाज आला. जाडसर, थोडा बसका. नाजूकपणाचा पत्ताच नाही. शर्टाच्या कॉलरीत आत बकरम असतं बघा, बाहेरून दिसत नाही पण त्याच्यामुळे कॉलर उभी राहते, तसा आवाज. माझा घास हातातच राहिला. वर बघितलं तर काडीचाही तसाच राहिलेला. दोघी उष्ट्या हातांनी रस्ता ओलांडून गेलो.

दुकानदाराने कव्हर दाखवलं. निळं. त्यावर बाई स्टुलावर पाठमोऱ्या बसलेल्या, चेहरा कुठेच नाही. मी गाणं ऐकत होते आणि काडी कव्हर डोळ्यांशी नेऊन बघत होती. मग एकदम म्हणाली, "अगं, हिच्या कोटाची कॉलर वाकडी बसलीय!"

बघते तर खरंच. चांगली अर्धा बोट डावीकडे सरकलेली.

"फुली मारशील?" मी विचारलं.

"हिला? छे! हिला कशी मारू?" काडी म्हणाली. माझ्या कॉलरींना दयामाया नाही आणि बाईंना सगळं माफ! त्या दिवशी आमची जी गट्टी जमली ती जमलीच.

आम्ही निम्मे-निम्मे पैसे घालून ती रेकॉर्ड घेतली. दोघींपैकी एकीच्याही घरी ती वाजवायला काही नव्हतं, हे घेऊन झाल्यावर लक्षात आलं. कितीतरी दिवस आम्ही नुसतं कव्हर बघायचो. शेवटी काडीच्या भावाने कुठूनसा मोडका रेकॉर्ड प्लेअर आणून दुरुस्त केला. गाणी ऐकायला म्हणून मी तिच्या घरी जायला लागले आणि प्लेअरच्या मालकाशी लग्न करून बसले. काडी सगळ्यांना सांगायची, "हिनं प्लेअरसाठी माझ्या भावाला नवरा केला." मी त्याचा इन्कार कधी केला नाही.

लग्नानंतर काडीने दोन गल्ल्या पलीकडे, सायकलच्या दुकानावर, स्वतःची खोली घेतली आणि स्वतःचा प्लेअर. तेव्हा ठरलं ते असं: रेकॉर्ड एक महिना माझ्याकडे, एक महिना तिच्याकडे. एक तारखेला सकाळी कामावर जाताना कापडी पिशवीत घालून दुसरीच्या दाराच्या कडीला अडकवायची. हा नियम आजतागायत मोडलेला नाही. एका वेळचा अपवाद आहे, तो पुढे येतो.

ज्याने ती ऐकलेली नाही त्याच्यासाठी सांगते. आठ गाणी आहेत. पहिल्या गाण्याच्या आधी बाई हळूच घसा साफ करतात, ते ऐकू येतं. कोणी ते पुसून टाकलं नाही, फार बरं झालं. पाहुणी बाई घरात येऊन बसावी आणि बोलायच्या आधी पदर सावरावा, तसं वाटतं. दुसरं गाणं फक्त टाळीवर आहे. चौथ्यात व्हायोलिन इतकं उशिरा येतं की दरवेळी मी म्हणते, आज वाजवणारा विसरला वाटतं, आणि तेवढ्यात तो येतो. दुसऱ्या बाजूचं तिसरं गाणं म्हणजे सगळ्यांवर कडी. दिवा न लावता खिडकीशी बसलेल्या दोन बहिणी, बाहेर अंधारून आलंय, उठायचं कोणी यावर दोघी अडून बसल्यात, एवढंच त्यात घडतं. त्यात "अजून" या शब्दावर आमच्या रेकॉर्डला ओरखडा आहे. सुई तिथे अडकते. अजून, अजून, अजून. कोणीतरी उठून बोटाने सरकवल्याशिवाय पुढे जात नाही. ओरखडा तिच्या महिन्यात पडला असं माझं मत आहे. तिचं मत सांगायला नकोच.

हे गाणं मी मुलगा तापाने फणफणला होता तेव्हा ऐकलं, कारखाना बंद पडणार अशी आवई उठली तेव्हा ऐकलं, आणि काही न घडलेल्या दिवशी तर असंख्य वेळा. त्यातली बाई मला कधीही "सगळं ठीक होईल" म्हणाली नाही. ती नुसती बरोबर बसते. कोणाला यात काय एवढं असं वाटेल. त्याने एकदा दिवेलागणीला दिवा न लावता ते ऐकावं आणि मग माझ्याशी बोलावं.

रेकॉर्डचा माझा निम्मा हिस्सा मी काडीला देत आहे.

कलम ५. शिवणाचे मशीन आणि त्यापायी झालेला अबोला. पायाने चालवायचे काळे मशीन माझ्या सासूबाईंचे, म्हणजे काडीच्या आईचे. सासूबाई आमच्याकडे असत. जाण्याआधी काही दिवस त्यांनी मला जवळ बोलावून कानात सांगितलं, "मशीन तुझं हो. कोणाला बोलू नकोस." त्या गेल्या आणि पंधरवड्यात काडी मशीन न्यायला हातगाडी घेऊन दारात.

"आईनं मला शब्द दिला होता," ती म्हणाली.

"मलाही दिला होता," मी म्हटलं.

"आई असं करणारच नाही. तू खोटं बोलतेस."

खोटी म्हटल्यावर माझं डोकं फिरलं. मी काय काय बोलले ते इथे लिहीत नाही, ती काय बोलली तेही नाही. हातगाडीवाला बिचारा जिन्यात उभा राहून आमची तोंडं बघत होता. तो रिकामाच परत गेला. तेव्हापासून, म्हणजे मुलाचं लग्न व्हायच्याही कितीतरी आधीपासून, आम्ही दोघी एकमेकींशी एक शब्दही बोललेलो नाही. कारखान्यातही नाही. ती माझ्या कॉलरींवर फुल्या मारायची, मी उसवायची.

आणि रेकॉर्ड? रेकॉर्ड एक तारखेला कडीला. काय वाटेल ते होवो.

असं कसं जमलं म्हणाल तर आमचं आम्हालाच माहीत. पिशवीतून आम्हाला एकमेकींची खबर कळायची. कव्हरचा कोपरा फाटला की ती चिकटवून पाठवायची. मी धूळ पुसायला मऊ फडकं शिवून आत ठेवलं, पुढच्या महिन्यात ते धुऊन, इस्त्री करून परत आलं. एकदा पिशवी संध्याकाळपर्यंत आलीच नाही, तर मी काळजीने तिच्या गल्लीच्या तोंडापर्यंत जाऊन आले. खिडकीत दिवा दिसला तेव्हा जीव भांड्यात पडला. तिला नुसता ताप आला होता असं नंतर मुलाकडून कळलं.

आता तो अपवाद. माझे यजमान गेले तेव्हा काडी आली, भावाच्या उशाशी बसली, माझ्याकडे न बघता निघून गेली. मला वाटलं, संपलं, आता आमच्यातला दुवाच राहिला नाही. तो महिना तिचा होता. दोन दिवसांनी सकाळी दार उघडलं तर कडीला पिशवी. माझा महिना नसताना! पिशवीचा एक पट्टा उसवत आला होता, तो तिने दुहेरी टाका घालून पक्का केला होता. मी दारातच बसले आणि हमसून हमसून रडले. तोपर्यंत माझ्या डोळ्यांत पाणी नव्हतं आलं. ती रेकॉर्ड पुढे बरेच महिने माझ्याकडेच राहिली, आणि तिने ती मागितली नाही. शेवटी एका एक तारखेला मीच ती तिच्या कडीला लावून आले. मला खोटी म्हणालीस त्याच्या कितीतरी पट तू मला त्या दिवशी दिलंस, काडी. हे तुला सांगायला मला तोंड नव्हतं, म्हणून कागदावर सांगते.

आणखी एक गोष्ट तिला ठाऊक नाही. यजमान अंथरुणाला खिळलेले असताना एकदा मशीनचा विषय निघाला. ते छताकडे बघत शांतपणे म्हणाले, "आई मलाही म्हणाली होती. मशीन तुला ठेवलंय, विकून चार पैसे कर." मी कपाळावर हात मारला. म्हणजे सासूबाईंनी तिघांच्याही कानात तेच सांगितलं होतं! ना काडी खोटी, ना मी. म्हातारीला आपल्याभोवती सगळे गोळा व्हायला हवे होते, दुसरं काय. मला त्यांचा राग येत नाही. आता माझं वय त्यांच्याएवढं झालंय, आणि मलाही कधी कधी तसंच करावंसं वाटतं.

सदर मशीन मी काडीला देत आहे. ते तेलपाणी करून चालू स्थितीत आहे.

कलम ६. गाणाऱ्या बाई. त्यांनी एकच रेकॉर्ड काढली. पुढे त्यांचं काय झालं ते दुकानदारालाही माहीत नव्हतं. त्यांना द्यायला माझ्याकडे काही नाही. त्या हयात असतील तर त्यांना कळावं की त्यांची आठ गाणी दोन घरांनी झिजेपर्यंत ऐकली, आणि त्या गाण्यांनी दोन हट्टी बायकांना एकमेकींच्या दाराशी जात ठेवलं. कॉलरीबद्दल काही मनात आणू नये. ती तशीच छान दिसते.

कलम ७. साक्षीदार. माझ्या सहीला साक्षीदार म्हणून मला काडी हवी. आयुष्यभर माझं काम तिनेच तपासलं, हेही तिनेच तपासावं. परंतु वकीलबाई म्हणतात, ज्याला मृत्युपत्रातून काही मिळतं त्याला साक्षीदार करू नये, नंतर कटकटी होतात. म्हणजे एक तर मशीन आणि रेकॉर्ड, नाही तर सही. मी पेचात पडले आहे. उद्या एक तारीख, महिना तिचा. हा खर्डा मी रेकॉर्डच्या पिशवीत घालून तिच्या दाराला लावायला मुलाला सांगणार आहे. काय करायचं ते तिने ठरवावं. आली नाही तरी माझी तक्रार नाही. पण यावी.

पुरवणी.

पिशवी गेली आणि पुढचे दोन दिवस काही नाही. मी दाराकडे कान लावून बसलेली. सून म्हणाली, "आई, मी जाऊन बघून येऊ का?" मी म्हटलं, "खबरदार!"

तिसऱ्या दिवशी दुपारी जिन्यावर पावलं. एक पायरी, थांबणं, एक पायरी, थांबणं. सुनेने दार उघडलं. काडी दारात, धापा टाकत, हातात पिशवी. इतक्या वर्षांनी माझ्याशी बोललेलं तिचं पहिलं वाक्य असं: "जिन्यात दिवा का नाही तुमच्या?"

मी म्हटलं, "बल्ब गेलाय."

"मग लावा की."

झालं. एवढ्यावर अबोला सुटला. ती बुटक्या खुर्चीत बसली, पाणी प्यायली आणि मग एकदम हसायलाच लागली. हसता हसता डोळे पुसत म्हणाली, "अगं, आईनं ते मशीन शेजारच्या मावशींनाही कबूल केलं होतं! त्या मला बाजारात भेटून विचारायच्या, कधी नेऊ म्हणून. मला वाटायचं, त्यांना भ्रम झालाय!" मग आम्ही दोघी अशा हसलो की मुलगा आतून धावत आला. त्याला वाटलं माझ्या छातीत कळ आली.

खर्ड्यावर तिने खुणा करून आणल्या होत्या. पेन्सिलीने नाही, खडूने. कलम चारवर फुली: "घसा पहिल्या गाण्याआधी नाही, दुसऱ्याआधी साफ करतात. नीट ऐकत जा." लावून बघितलं. तिचंच बरोबर निघालं. मूळ मजकूर मी तसाच ठेवला आहे, फुलीसकट. कलम पाचमध्ये मशीनवर ही भलीमोठी फुली.

"मशीन नको?" मी विचारलं.

"नको. मला सही करायचीय."

"मग मशीन कोणाला देऊ?"

"सुनेला दे. आणि हे बघ, कानात सांगू नकोस. सगळ्यांसमोर, मोठ्यांदा सांग."

म्हणून मी मुलगा, सून, काडी आणि वकीलबाई यांच्यासमोर ओरडून सांगितलं, की मशीन सुनेचं. सदर मशीन सुनेला देण्यात येत आहे. कलम पाचमधली देणगी रद्द. रेकॉर्डचा निम्मा हिस्साही मृत्युपत्रातून वगळला आहे. तो मी माझ्या हाताने, जिवंतपणी, काडीच्या मांडीवर ठेवला. "घे, आता सगळी तुझी," मी म्हटलं. ती म्हणाली, "सगळी कशाला? पुढचा महिना तुझा आहे. ऑपरेशन-बिपरेशन मला सांगायचं नाही. एक तारखेला मी आणून लावणार, आणि दार तू उघडायचंस. बुडवलास तर बघ."

मग आम्ही दुसरी बाजू लावली. खोलीत अंधारत आलं होतं. सून दिव्याच्या बटणाकडे गेली, तर आम्ही दोघी एकदमच ओरडलो, "नको!" तिसऱ्या गाण्यात सुई अडकली. अजून, अजून, अजून. मी तिच्याकडे बघितलं, तिने माझ्याकडे. उठायचं कोणी? बराच वेळ कोणीच उठलं नाही.

आमच्या दोघींच्या पश्चात ती रेकॉर्ड प्लेअरसकट सुनेने ठेवावी. तिला कंटाळा आला तर पिशवीत घालून ऐकणाऱ्या कोणाच्याही दाराच्या कडीला अडकवावी.

वरील मजकूर मला वाचून दाखवण्यात आला. तो मला मान्य आहे, फुल्यांसह.

सही: कॉलरी लावणारी

साक्षीदार पहिल्या: वकीलबाई, तळमजला. (शुद्धलेखनाची जबाबदारी त्यांची.)

साक्षीदार दुसरी: माल तपासणारी, सायकलच्या दुकानावर. सहीच्या शेजारी खडूने बरोबरची बारीक खूण आहे. ती पुसू नये, फार वर्षांनी मिळाली आहे.

ठिकाण: माझ्या घरची पुढची खोली, खिडकीजवळ.

तारीख: वकीलबाईंनी शिक्क्याखाली घातली आहे तीच. एक तारीख नव्हे. काडी या खेपेला तारीख न बघता अशीच आली होती.